लाल झाकणाचा डबा

इंद्रजितने खव्याचे दोन डबे विद्यापीठातून घरी आणले, एवढंच त्याने केलं. हेतू अगदी साफ होता. प्रयोगशाळेत फ्रिज नव्हता असं नाही. पण त्याच्या वरच्या कप्प्यात विभागप्रमुखांचे आंबे असत, मधल्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला केक आणि खालच्यात क्लार्कची भाजी. संशोधनासाठी दारातला अंडी ठेवायचा कप्पा तेवढा मोकळा होता. अंड्यांच्या कप्प्यात पाऊण किलो खवा बसत नाही, हे कळायला अन्न तंत्रज्ञानात पीएचडी करायची गरज नसते. (इंद्रजितला मात्र ते पीएचडीच्या सातव्या वर्षी कळलं.) मग त्याने डबे पिशवीत घातले, एसटी पकडली आणि साडेतीन तासांनी ईट गावच्या घरी, आईच्या फ्रिजात नेऊन ठेवले.

विषयही घरचाच होता. भूमच्या भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ, आणि इंद्रजितच्या घरी तर दोन पिढ्यांची भट्टी. वडील गेल्यावर ती त्याची आई मथुराबाई एकटी चालवायची. सकाळी दूध कढईत पडायचं, दुपारच्या आत खवा गावाबाहेर जायचा. इंद्रजितने लहानपणापासून बघितलं होतं की खवा फार दिवस टिकत नाही. म्हणून त्याने ठरवलं, डाळिंबाच्या सालीचा अर्क काढायचा, तो खव्याच्या गोळ्याला लावायचा आणि खवा टिकवून दाखवायचा. या एका वाक्याचा प्रबंध व्हायला आठ वर्षं लागली. त्यातली दोन कोरोनात गेली, एक वर्ष गाईडचं घर बांधण्यात गेलं (विटा मोजायला विश्वासू माणूस लागतो), आणि बाकीची वर्षं सहामाही प्रगती अहवालांवर सह्या गोळा करण्यात.

गाईड म्हणजे डॉ. सिद्धाराम माळगे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या हाताखाली माणूस चांगला राहायचाही नाही. सर सहकुटुंब तुळजापूरला निघाले की लॉज, गाडी, दर्शनाचा पास आणि जेवण हे सगळं इंद्रजितने बघायचं. तो तालुक्याच्या एका कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता. म्हणजे तास घेतला तर मास्तर, घंटा झाली की कुणीच नाही. आता त्याच कॉलेजात एक पक्की जागा निघणार होती आणि तिला पीएचडी सक्तीची होती. इंद्रजितचं वय अडतीस. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत डोक्यावरचे उरलेसुरले केस जाणार होते. त्याची बायको शिवांजली आरोग्य उपकेंद्रात नर्स होती आणि घर तिच्याच जिवावर चाललं होतं. हे ती कधी बोलून दाखवायची नाही. इंद्रजितला तेच जास्त टोचायचं.

तर डबे घरी आले. दोन्ही सारखेच, फक्त झाकणं वेगळी. पांढऱ्या झाकणाच्या डब्यात नुसता खवा, लाल झाकणाच्या डब्यात अर्क लावलेला; उरलेल्या अर्काची बाटली शेजारीच. इंद्रजितने आईला फ्रिजसमोर उभं केलं आणि समजावून सांगितलं.

"आई, ह्यो पांढरा हाय ना, ह्यो नासणार. नासू दे. त्यो नासायलाच पाहिजे."

"व्हय."

"पण ह्या लाल झाकणाला जपायचं. ह्यो जर नासला ना, तर माझी आठ वर्षं पाण्यात गेली समज. माझं वाटोळं झालं."

"असं अभद्र बोलू न्हाय," मथुराबाई म्हणाल्या. "न्हाय नासणार. म्या हाय ना."

आईचा हा शेवटचा शब्द कुठल्याही शास्त्रज्ञाने कान टवकारून ऐकायला हवा होता. इंद्रजित त्यावेळी झाकणांवर तारखा लिहीत होता.

पुढे जे झालं त्याने विद्यापीठाचा विभाग हादरला. पांढरा डबा शहाण्या मुलासारखा दुसऱ्या आठवड्यात नासला. लाल डबा नासेना. इंद्रजित दर पंधरा दिवसांनी त्यातला चमचाभर खवा बर्फात घालून विद्यापीठात न्यायचा आणि तपासायचा. आंबटपणा तेवढाच. ओलावा तेवढाच. जिवाणू मोजायला घेतले तर मोजण्याजोगे सापडायचे नाहीत. तीस दिवस झाले, साठ झाले, नव्वद झाले. आलेखाची रेघ जी आडवी सुरू झाली ती आडवीच चालत राहिली. माळगे सरांनी तो आलेख बघून पहिल्यांदा इंद्रजितला बसायला खुर्ची दिली.

सहा महिने चमचा चमचा काढूनही डबा भरलेलाच कसा, हे इंद्रजितच्या लक्षात आलं नव्हतं असं कुणी समजू नये. आलं होतं. त्यावर त्याने प्रबंधात चार पानं लिहिली होती. अर्कामुळे खव्याचे कण फुगतात आणि आकारमान वाढतं, असा त्याचा निष्कर्ष होता. सरांना तो इतका आवडला की त्यांनी त्यावर वेगळा शोधनिबंध काढला. त्यावर पहिलं नाव सरांचं, दुसरं सरांच्या सौभाग्यवतींचं (त्या घरी रुखवताचे क्लास घ्यायच्या), तिसरं त्यांच्या एका मित्राचं, आणि चौथं इंद्रजितचं. सर तो निबंध वाचायला बँकॉकला जाऊन आले. येताना इंद्रजितसाठी त्यांनी कीचेन आणलं.

प्रबंध जमा झाला. सव्वा महिन्यावर व्हायवा आली. त्याच सुमाराला चैत्राची यात्रा आली आणि मथुराबाई येडाईच्या दर्शनाला येरमाळ्याला गेल्या. तिथं त्यांची धाकटी बहीण बानूबाई राहायची. नेमकं त्याच वेळी बानूबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मथुराबाई तिच्याजवळ पाच आठवडे राहिल्या. भट्टी तेवढे दिवस चुलत्याने बघितली.

माळगे सरांचा फोन आला. "व्हायवाला तो लाल डबा घेऊन ये. परीक्षक बाहेरून येतायत. त्यांना दोनशे दिवसांचा खवा डोळ्यांनी बघू दे." इंद्रजितने मोठ्या अभिमानाने फ्रिज उघडला, डबा ओट्यावर ठेवला आणि लाल झाकण काढलं.

आत हिरवं लुसलुशीत पीक आलं होतं. वासाने शिवांजली बाहेरच्या खोलीतून नाकाला पदर लावून आली.

"काय मेलंय?" तिने विचारलं.

"पीएचडी," इंद्रजित म्हणाला आणि खाली बसला.

एकशे ऐंशी दिवस जो खवा हलला नाही, तो वीस दिवसांत एकदम कसा कोसळला? त्याने थर्मामीटर बघितलं, दाराचं रबर बघितलं, वीज किती वेळ गेली होती ते शेजाऱ्यांना विचारलं. शेवटी शिवांजली म्हणाली, "आत्या येरमाळ्याला गेल्यापासूनच झालं की हे. त्यांनाच विचारा ना." त्याने येरमाळ्याला फोन लावला.

"आई, लाल डबा नासला गं."

"नासणारच की," पलीकडून शांत आवाज आला. "म्या हितं अडकले. कोण बदलणार?"

"काय बदलणार?"

"खवा. दर सोमवारी भट्टीवरचा ताजा घालायची ना मी. जाताना शिवांजलीला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ. चुकलं माझं."

इंद्रजितने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आई, दर सोमवारी? पहिल्यापासून?"

"मग! तूच म्हणलास, ह्यो नासला तर वाटोळं झालं. आन् तुझ्या बाटलीतलं लाल पाणीबी लावायची हं मी वरनं, न चुकता. उगं फसवायचं म्हणून न्हवते करत." मग जरा थांबून ती माउली म्हणाली, "आन् आपल्या भट्टीचा शिळा खवा तू एवढ्या मोठ्या सायबांच्या हातात द्यायचास? तुझ्या वडलांनी गिऱ्हाईकाला कधी कालचा खवा दिला न्हाय."

आता यावर रागवायचं तरी कुणावर? जगातल्या कुठल्याही घरात फ्रिजातला डबा सहा महिने पडून राहिला असता आणि विज्ञान सुखरूप राहिलं असतं. पण हे भट्टीवाल्याचं घर. इथं शिळा खवा म्हणजे घराण्याला बट्टा. इंद्रजितला रडू आलं, आणि ते आईसाठी की स्वतःसाठी हे त्याला सांगता येईना.

त्यातल्या त्यात त्याने एक चांगलं केलं. आई येरमाळ्यालाच होती, तेवढ्यात त्याने प्रयोग पुन्हा लावला, खरा. दोन नवे डबे, दोन्हींवर रोज नजर, दोन्हींना दुसऱ्या कुणाचा हात नाही. नुसता खवा अकरा दिवस टिकला. डाळिंबाच्या सालीचा अर्क लावलेला बारा दिवस टिकला. आठ वर्षांच्या संशोधनाचं फळ एक दिवस. तोही एखाद्याने नाक जरा शिंकरून वास घेतला तर अर्धाच भरला असता.

ते कागद घेऊन तो माळगे सरांच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला हलकं वाटलं. सरांनी सगळं ऐकलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसले.

"हे अजून कुणाला माहितीय?"

"बायकोला."

"ती काय करते?"

"नर्स आहे, सर."

"मग बोलणार नाही. आणि आई?"

"आईला त्यात काही चुकीचं केलं असं वाटतच नाही, सर."

"बरोबर वाटतंय त्यांना." सर खुर्चीत मागे रेलले. "इंद्रजित, विज्ञानात आई नसते. तापमान असतं, वेळ असतो, अर्क असतो. आई हा घटक तुझ्या प्रबंधात कुठं आहे का?"

"आभारात आहे, सर."

"काय लिहिलंयस?"

इंद्रजितने पाठ म्हणून दाखवलं. "माझ्या आईच्या अथक परिश्रमांशिवाय हे संशोधन पूर्ण होऊ शकलं नसतं."

सरांनी हात पसरले. "झालं की मग! कबुली दिलेली आहे तू. छापून दिलेली आहे. याच्यापेक्षा जास्त प्रामाणिक माणूस काय असतो?"

"पण सर, खरा फरक एक दिवसाचा आहे."

"एका दिवसावर कुणी डॉक्टरेट देतं का रे? मी बँकॉकला काय एक दिवस सांगून आलो?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच मऊ झाला. "तुझ्या कॉलेजची जाहिरात पुढच्या महिन्यात आहे ना? हे कागद ठेव इथं. व्हायवाला डबा आण. कसा आणायचा ते मला सांगू नको."

इंद्रजितने कागद तिथंच ठेवले. ते कागद पुन्हा कुणी बघितले नाहीत. त्याने मागितलेही नाहीत, हेही इथं सांगायलाच हवं.

घरी आल्यावर त्याने शिवांजलीला सांगितलं की सर ऐकायला तयार नाहीत. ती म्हणाली, "सर ऐकत नसतील, पण परीक्षकाला दोन कान असतात की. तिथं बोला." तो म्हणाला, बघू.

व्हायवाच्या दिवशी मथुराबाई इरकल नेसून आल्या होत्या. येरमाळ्याहून परतून त्यांना चार दिवस झाले होते आणि लेकाचा डबा नासल्याची चुटपुट त्यांच्या मनातून गेली नव्हती. लाल डबा त्यांनी स्वतः पिशवीत, मांडीवर धरून आणला. साडेतीन तास एसटीत कुणाला हात लावू दिला नाही. हॉलमध्ये विभागाची माणसं, आठदहा विद्यार्थी, चहावाला आणि तिसऱ्या रांगेत शिवांजलीच्या शेजारी मथुराबाई. इंद्रजितने स्लाइड दाखवल्या, आडवी रेघ दाखवली, फुगलेले कण दाखवले. घाम पुसायचा रुमाल संपला.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, सभ्य होते, आणि त्यांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी डबा उघडला. वास घेतला. बोटाने चिमूट काढून जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"दोनशे एकोणीस दिवस!" ते म्हणाले. "विश्वास बसत नाही. अगदी आज काढल्यासारखा लागतो."

तिसऱ्या रांगेत मथुराबाई उठून उभ्या राहिल्या. भट्टीचं कौतुक झालं की गिऱ्हाईकाला उत्तर द्यायची त्यांना सवय.

"आजचाच हाय, सायेब," त्या हात जोडून म्हणाल्या. "आज सकाळीच काढलाय. म्या सोताच्या हातानं."

माळगे सरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला, पण इतकी वर्षं विभागात काढलेला माणूस असा सहज पडत नाही. ते हसत उठले.

"सर, या उमेदवाराच्या मातोश्री. आईला लेकाचं सगळंच आजचं वाटतं. त्याची मुंजही काल झाली असं सांगतील त्या."

हॉल खो खो हसला. टाळ्याही पडल्या. परीक्षकही हसले, मग चष्मा सावरून त्यांनी थेट इंद्रजितकडे बघितलं.

"काय इंद्रजित, आई म्हणतात ते खरं आहे का?"

गमतीतच विचारलं होतं त्यांनी. पण विचारलं होतं. आठ वर्षांत इंद्रजितला कुणी इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता. उत्तर दोन अक्षरांचं होतं. त्याने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आई अजून उभीच होती, लेक आता सांगेल म्हणून त्याच्याकडे बघत. शिवांजली त्याच्याकडे बघत नव्हती.

"आईच ती, सर," इंद्रजित हसत म्हणाला. "तिचं काय ऐकायचं."

पुन्हा हशा झाला, पहिल्यापेक्षा मोठा. मथुराबाई हळूच खाली बसल्या आणि सुनेला विचारू लागल्या, "म्या खोटं काय बोलले गं?" शिवांजलीने त्यांचा हात हातात घेतला. परीक्षकांनी पदवीची शिफारस केली आणि गाडीसाठी निघाले. निघताना लाल डबा त्यांनी मागून घेतला.

संध्याकाळच्या एसटीने तिघं परत निघाली. येरमाळ्याच्या फाट्यावर चहाला गाडी थांबली तेव्हा मथुराबाई एवढंच म्हणाल्या, "लोकं माझ्यावर हसली, इंद्रा. हसू दे. पण तू का हसलास?" इंद्रजित तिच्यासाठी चहा आणायला खाली उतरला.

ईटच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर 'डॉ.' हे अक्षर इंद्रजितच्या तोंडापेक्षा मोठं होतं. पक्क्या जागेची मुलाखत झाली. जागा संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याला मिळाली. त्याची पीएचडी इंद्रजितच्या आधी एक महिना झाली होती, खव्यावर नव्हे, बासुंदीवर. इंद्रजितची तासिका तेवढी चालू राहिली. फक्त हजेरीच्या मस्टरवर नावामागे आता 'डॉ.' लिहितात, आणि त्यासाठी रकाना अपुरा पडतो म्हणून क्लार्क चिडतो.

माळगे सरांचं मात्र काम झालं. त्या परीक्षकांच्या शिफारशीवरून त्यांना मोठा सरकारी प्रकल्प मिळाला: खवा आता पूर्ण एक वर्ष टिकवून दाखवायचा. नमुने अर्थातच ईटच्या फ्रिजात, कारण तिथलं हवामान अनुकूल ठरलं होतं. सरांनी फोनवर इंद्रजितला प्रकल्पात घेतल्याची गोड बातमी दिली. नकार द्यायला त्याला फार वेळ लागला नसता. त्याने हो म्हणायला त्याहून कमी वेळ घेतला.

मथुराबाईंना त्याने चाचरत सांगितलं. त्या भट्टीवर कढई ढवळत होत्या.

"म्या न्हाय," त्या वर न बघता म्हणाल्या. "मला जमायचं न्हाय आता. मी तुझ्यासाठी केलं तवा मला ठावं न्हवतं. आता ठावं हाय."

"मग मी शिवांजलीला..."

"त्या पोरीला विचारूबी नगंस."

सोमवार आला. घरात कुणी नाही असं बघून डॉ. इंद्रजितने फ्रिजातून प्रकल्पाचा डबा काढला, जुना खवा मांजराला टाकला, भट्टीवर जाऊन खाली मान घालून चुलत्याकडे ताजा खवा मागितला आणि ओट्यावर उभा राहून तो डब्यात भरू लागला. सरांचा मेसेज येऊन पडला होता, पहिल्या महिन्याचे आकडे लवकर पाठव म्हणून. मागे पावलं वाजली. मथुराबाई दारात उभ्या होत्या. इंद्रजितला वाटलं, आई आता जोड्याने मारणार, आणि मारलं असतं तर फार बरं झालं असतं. पण त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. त्या डब्याकडे बघत होत्या.

"आरं, डबा तरी धू आधी," त्या म्हणाल्या. "जुन्या डब्यात तसाच ताजा खवा घालतंय व्हय कुणी? आठ वर्षं तिथं जाऊन एवढंबी शिकवलं न्हाय तुला?"